न विचारण्याची रक्कम

सुमतीआक्काचा फोन दुपारी एकच्या सुमाराला यायचा आणि तो आला की डॉ. सुकुमार मगदूम कपाळाला हात लावायचा. तसा माणूस मोठा. बेलापूरच्या पश्चिम शेअर बाजारात अभ्यास केंद्राचा प्रमुख गणिती, हाताखाली बावीस जण, भिंतीवर दोन मानपत्रं. पण एक वाजला की या सगळ्याचा काही उपयोग नसायचा.

"सुकू, एक शेअर विकू काय रे? परसातल्या खोलीचं पत्रं गळतंय."

"नको आक्का. पैसे मी पाठवतो."

"तुझं पैसं कुणी मागितलंय? विकू का नको, तेवढं सांग."

"नको."

"बरं. जेवलास काय?"

"जेवलो," सुकुमार म्हणायचा. डबा समोर तसाच असायचा.

वर्षातून सात-आठ वेळा तरी हे व्हायचं. उत्तर कायम 'नको' असायचं, तरी आक्का विचारायची आणि सुकुमार वैतागायचा. वैताग दाखवायची मात्र त्याची प्राज्ञा नव्हती. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या आक्कानेच त्याला वाढवलं आणि लग्न झाल्यावर निमशिरवाडीला सासरीही बरोबर नेलं. तिचे यजमान पंचधारा फाउंड्रीत साच्यांमध्ये वितळलेलं लोखंड ओतायचे. २००३ च्या दिवाळीत मालकांकडे बोनस द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी एकशे बारा कामगारांना प्रत्येकी अकरा शेअर दिले. दाजी त्या दिवशी घरी येऊन चिडून म्हणाले होते, "ह्या कागदांची चटणी करून खावा आता." पुढे छत्तीस वर्षांत त्या एकेका कागदाची किंमत एक लाख ब्याण्णव हजारांवर गेली. ते बघायला दाजी राहिले नाहीत.

निमशिरवाडीत हे शेअर सहसा कुणी विकत नसे, आणि विकायचाच झाला तर त्याची एक रीत होती. त्या दिवाळीला ज्यांना ज्यांना शेअर मिळाले, ते एकमेकांचे ओतकामाचे भाऊ. विकणाऱ्याने आधी त्यांच्या घरी जायचं, पुढच्या सोप्यात बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "घेताय काय?" दहा-बारा घरी चहा होईपर्यंत कुणीतरी विचारायचं की बाबा, अडचण काय आहे? मग कुणी हातउसने द्यायचा, कुणी चार शब्द ऐकवायचा, आणि गडी शेअर तसाच घेऊन घरी परत यायचा. आक्का तर ओतकामाच्या भावांना विचारून झाल्यावर वर सुकुमारलाही विचारायची. अख्ख्या देशात पंचधाराच्या शेअरची उलाढाल दिवसाला सरासरी सात होती. सात हजार नव्हे, सात. काही दिवशी शून्य.

बाजाराच्या दृष्टीने असा शेअर म्हणजे मेलेला शेअर. आणि मेलेले शेअर जिवंत करणं हेच सुकुमारचं काम होतं.

शेअरचं विभाजन ही जुनीच गोष्ट आहे. हजार रुपयांच्या एका शेअरचे शंभराचे दहा करायचे. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, तसं यात कुणाचं काही वाढत नाही की घटत नाही. तरीही विभाजनानंतर पुष्कळदा खरेदीविक्री वाढते आणि भावाची वरखालीही वाढते. का वाढते? लोक म्हणत, स्वस्त झाला म्हणून. सुकुमारला हे पटत नव्हतं. ज्याच्याजवळ दहा हजार आहेत त्याला हजाराचा शेअरही परवडतो की.

त्याने अडतीस हजार कुटुंबांच्या परवानगीने त्यांच्या फोनवरची एकच गोष्ट तीन वर्षं नोंदवली. शेअर घ्यायचं किंवा विकायचं बटण दाबण्याआधी माणूस कुणाशी बोलला का? काय बोलला ते नाही, फक्त बोलला की नाही. आणि उत्तर इतकं स्वच्छ आलं की सुकुमार दोन दिवस स्वतःचीच आकडेमोड तपासत बसला. प्रत्येक घराची एक रक्कम होती. त्या रकमेच्या वर माणूस स्वयंपाकघरात हाक मारायचा, भावाला फोन करायचा, शेजाऱ्याचं दार वाजवायचा. तिच्या खाली तो कुणाला काही विचारत नसे. ही न विचारण्याची रक्कम मास्तरांच्या घरी चौदाशे होती, डॉक्टरांच्या घरी सहा हजार, कारखान्यातल्या कामगाराच्या घरी हजाराच्या आसपास. शेअरची किंमत या रेषेखाली आली की सौदे दुपटीने वाढत नसत, शेकडो पटींनी वाढत.

त्यावरून 'विभाजक' तयार झाला. प्रत्येक कंपनीचे भागधारक कोण, त्यांची रेषा कुठे आहे हे यंत्र दर तिमाहीला हुडकायचं आणि रेषेच्या जरा खाली किंमत येईल असे शेअरचे तुकडे करायचं. सौदे वाढले की भाव हलतो, भाव हलला की लोक बघायला लागतात आणि बघायला लागले की आणखी सौदे होतात. असं एकमेकांना पाणी घालत दोन्ही वाढतात. आता भाव फार हलायला लागला, तर घाबरलेला माणूस जास्त विचारेल की कमी? त्याबद्दल सुकुमारने अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: अभ्यास अपुरा.

एप्रिलमध्ये पंचधाराचा नंबर लागला. एकाचे दोनशे झाले, किंमत नऊशे साठ. नुसत्या हिशेबाने सातच्या जागी रोज चौदाशे शेअर हलायला हवे होते. जूनपर्यंत आकडा तीन लाख दहा हजारांवर पोहोचला. केंद्राच्या संचालक डॉ. नसीमा काझी सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनीही सगळ्यांसमोर म्हटलं, "मगदूम, तुमच्या गावाने कमाल केली." त्या दिवशी सुकुमारचा पाय जमिनीवर नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी सुकुमारचा डबा कधी नव्हे तो पूर्ण संपला. रिकाम्या डब्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की किती दिवसांत मध्येच फोन आलेला नाही. त्याने मोजलं तर आक्काने शेवटचं विचारलं होतं ते मार्चमध्ये. त्याने लगेच फोन लावला.

"आक्का, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीया? कामात हाय रे. मागनं बोलू." आणि तिने फोन ठेवलासुद्धा. आजवर आक्काने आधी फोन ठेवला, असं कधी झालं नव्हतं. सुकुमारला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी अकराला पंचधारा घसरायला लागला. आधी नऊशे वीस, मग साडेआठशे. सुकुमारने कारण शोधलं. परदेशातल्या काही मोठ्या फंडांची यंत्रं उपग्रहाकडून कारखान्यांच्या उष्णतेची चित्रं विकत घ्यायची. त्या दिवशीच्या चित्रात पंचधाराच्या दोन्ही भट्ट्या थंड दिसत होत्या. म्हणजे कारखाना बंद, असं समजून यंत्रांनी विक्री सुरू केली होती.

सुकुमार हसला. त्याचं बालपण त्या कारखान्याच्या भिंतीला लागून गेलं होतं. भट्टीच्या आतलं अस्तर झिजतं, ते खरवडून नवं ठोकावं लागतं, त्यासाठी भट्टी थंड करतात. या वेळी दोन्हींचं काम एकदम काढलं असणार. निमशिरवाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आता गावातले लोक स्वस्तात खरेदी करतील आणि भाव जागेवर येईल, असं तो सहकाऱ्यांना म्हणाला.

पण गाव खरेदी करत नव्हतं, विकत होतं. पडद्यावर विक्रीचे ठिपके निमशिरवाडीच्याच पिनकोडवरून येत होते. आधी एकेक शेअर, मग दोन, मग दहा. दोन वाजता रेषेच्या कितीतरी वरचे, पन्नासचे गठ्ठे यायला लागले, तेही कुणाला विचारण्याएवढा वेळ न जाता. भाव जितका पडत होता तितकी माणसं कमी विचारत होती. सत्तेचाळिसाव्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर मिळत होतं. घसरणीला लगाम घालणारी मर्यादा बाजाराने त्याच वर्षी सैल केली होती. सुकुमारने आक्काला अकरा वेळा फोन लावला, तिने एकदाही उचलला नाही. बाजार बंद झाला तेव्हा भाव पाचशे ऐंशी होता.

शुक्रवारी दोन्ही भट्ट्या पेटल्या, उपग्रहाला उष्णता दिसली आणि भाव नऊशे तीस झाला. गावाचे शेअर मात्र गेले होते ते गेलेच.

चौकशीसाठी सुकुमारला निमशिरवाडीला पाठवण्यात आलं. सोमवारी बाजाराच्या चौकशी समितीपुढे त्याने मत द्यायचं होतं: यंत्र बंद करायचं, तसंच ठेवायचं, की त्याला काही कुलूप घालायचं. कुलूप त्याने येतानाच गाडीत तयार केलं होतं. भाव फार हलायला लागला की छोट्या गुंतवणूकदाराची ऑर्डर अडवायची आणि घरातल्या दुसऱ्या नेमलेल्या माणसाने संमती दिली तरच पुढे सोडायची. नाव दिलं होतं 'जोडसंमती'.

आधी तो आदगोंडा खोतांकडे गेला. वय एकाहत्तर, दाजींचे ओतकामाचे भाऊ, आणि पंचधाराच्या भट्टीचं अस्तर अजूनही त्यांच्या देखरेखीखाली ठोकलं जायचं.

"जय जिनेंद्र आण्णा. बुधवारी तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हंजे? भट्टीत. आत उतरलोतो. अस्तर ठोकत."

"मग तुमच्याकडून कुणी विकले शेअर?"

आण्णांनी पंच्याचं टोक पिळलं. "मीच की. चहाच्या सुट्टीत वर आलो, फोन बघितलो, तर ही घसरण. विकलो."

"अहो पण आण्णा, भट्टी कशासाठी बंद होती ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?"

"तेच की रे बाबा!" म्हातारा कळवळून बोलला. "मला वाटलं, मला काय, अस्तराचं तेवढं ठावं. वरच्या लोकांस्नी आणि काय तरी ठावं असणार. उगंच का सगळी विकाल्यात? आणि मी विकल्यालं बघून तिकडं पाटलाला वाटलं, सगळी विकाल्यात. एका भिंतीचं अंतर हाय आमच्यात. हाक मारली असती तर ऐकाय आली असती."

"मग का नाही मारली?"

"पहिल्यांदा एकच विकलो नव्हं. नऊशे रुपयाच्या कामाला माणसाला काय हाक मारायची?"

हेच वाक्य सुकुमारने तीन वर्षं खपून गणिताच्या भाषेत सिद्ध केलं होतं.

आक्का परसात भांडी पालथी घालत होती. पत्रे नवे दिसत होते. तिने त्याला पाणी दिलं आणि त्याने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मीबी विकलं. सगळं. बावीसशेच्या बावीसशे. सात लाखाला खड्डा पडला. आता बोल काय बोलायचं ते."

सुकुमार पायरीवर बसला. दाजींची आयुष्यभराची कमाई होती ती. त्याला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"माझी चूक आहे आक्का. माझ्या यंत्राची. पण पुन्हा असं होणार नाही." त्याने टॅब काढला आणि जोडसंमती समजावून सांगायला लागला. विचारायची रेषा म्हणजे काय, यापुढे कशी ऑर्डर अडेल, कशी त्याच्या फोनवर येईल, तो कसा लगेच उत्तर देईल. तो भराभर बोलत होता. शाळेत पहिला नंबर आल्यावर घरी येऊन सांगायचा, अगदी तसा.

आक्काने शेवटचं पातेलं पालथं घातलं. "म्हंजे मी बटण दाबायचं आणि तू हो म्हणायचं?"

"हो. म्हणजे तुझं नुकसान—"

"न्हाई पायजे मला."

"आक्का, सात लाख गेलेत!"

"माझं गेल्यात. मला ठावं न्हाईत?" तिचा आवाज चढला. "सुकू, लग्नाआधी बाबास्नी विचारलं. मग ह्यास्नी. हे गेल्यावर तुला. पत्रं गळतंय, विकू काय? नको. गुडघं दुखत्यात, विकू काय? नको. नको म्हणायला तुला घटकाभर तरी विचार करावा लागला काय रे कधी? ह्या एप्रिलात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता एकेक करून वीस शेअर विकलं आणि पत्रं घातलं; मागनं तेवढं परत घेतलंबी. त्या दिवशी मी हितं ह्याच पायरीवर एकटी हसत बसल्ती, तुला सांगते. येडी म्हणाल्या असतील शेजारच्या. सकाळी भाव बघायचा, वाटलं तर घ्यायचा, वाटलं तर विकायचा. साठाव्या वर्षी मला माझं काय तरी मिळालं."

"पण बुधवारी?"

"बुधवारी घाबरलं मी." तिचा आवाज खाली आला. "लई घाबरलं. एक विकला, मग दोन, मग दहा. तुझा फोन वाजत हुता, मला दिसत हुता. उचलला असता तर तू नको म्हणला असतास. आणि त्या दिवशी तुझं नको बरोबर असतं, हे कळतंय आता मला. पण तवा वाटलं, ह्याचं काय, हा कायमच नको म्हणतो."

सुकुमारच्या अडतीस हजार कुटुंबांच्या नोंदीत कोण कुणाशी बोललं एवढंच होतं. विचारणाऱ्याला पलीकडून काय मिळत होतं, हे त्याने कधी नोंदवलंच नव्हतं.

"आणि तू रे?" आक्का त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "पुण्याची नोकरी सोडलीस, मला सांगितलंस. लग्न मोडलंस, तेबी सांगितलंस. विचारलं कधी न्हाईस. तुझी ती रेषा लई वर हाय बघ. पार आभाळात."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. राग असता तर सुकुमारला सोपं गेलं असतं. त्याला आठवलं, लग्न मोडल्याचं सांगायला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "जेवलास काय?" त्या दिवशी तो जेवला नव्हता. त्या आठवड्यात कुणी त्याला तेवढंही विचारलं नव्हतं.

त्याने टॅबवरचा जोडसंमतीचा मसुदा पुन्हा एकदा वाचला आणि पुसून टाकला. मग मान वर न करताच तो म्हणाला, "आक्का, सोमवारी मला मत द्यायचंय. यंत्र बंद करू, का ठेवू? बंद केलं तर तुझ्यासारख्या लाखो जणींच्या हातातून त्यांचं स्वतःचं जे आहे ते जाईल. ठेवलं तर दुसऱ्या कुठल्या गावात असाच बुधवार येईल. मला कळत नाही. तू सांग, काय करू?"

आक्काने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. हा चेष्टा करतोय का, हे तिला बघायचं असावं. तो चेष्टा करत नव्हता.

"आधी ती रेषा मला नीट सांग," ती म्हणाली. "कळंल अशी सांग. त्या तिकडल्या भाषेत नको."

आणि सुकुमारने सांगितलं. भाकरीच्या तुकड्यांपासून सुरुवात करून सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत सगळं. जगातल्या सहा विद्यापीठांत त्याने यावर भाषणं दिली होती, पण घरी आजच्या आधी एक अक्षर काढलं नव्हतं. आक्का मध्येच थांबवून प्रश्न विचारत होती आणि त्यातले दोन प्रश्न असे होते की सुकुमारला त्यांचं उत्तर देता आलं नाही. ते त्याने लिहून घेतले. ऊन परसातून भिंतीवर चढलं.

सगळं ऐकून झाल्यावर आक्का पदर झटकून उठली.

"हे माझ्या एकटीच्या डोक्याचं काम न्हाई. चल."

"कुठं?"

ती चालायला लागली आणि तो मागोमाग गेला. आदगोंडाआण्णा सोप्यात बसले होते. भिंतीपलीकडचे पाटीलही तिथेच होते. बुधवारपासून ही दोन्ही घरं एकमेकांची नजर चुकवत होती आणि कदाचित तेव्हापासून आज पहिल्यांदाच ते दोघे एका जागी बसले होते. आक्का आत गेली, कुणी बस म्हणायच्या आधीच चटईवर बसली आणि सुकुमारला तिने हाताला धरून शेजारी बसवलं.

"आण्णा, चहा टाकाय सांगा," ती म्हणाली. "आमच्या सुकूला तुमास्नी काय तरी विचारायचंय."